मदत हवी आहे: जपानमध्ये ‘माशाचं पाणीही नको’ हे कसं सांगायचं?

आम्ही जळगावचे, सध्या ओसाकात. सोबत आई-आबा, दोघंही माळकरी. पुढे चार दिवस क्योतो.

काल एका हॉटेलात मोबाइलवर भाषांतर करून ‘आम्ही शाकाहारी आहोत’ असं दाखवलं. वेटरने मान डोलावली, भाज्या घातलेलं उदोन (जाड नूडल्सचं सूप) आणलं. आबांचं अर्धं खाऊन झाल्यावर कळलं, सूप ‘दाशी’चं होतं, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचं. तेव्हापासून ते बाहेरच्या अन्नाला हात लावत नाहीत. ‘निकु नाशी’ म्हणून पाहिलं, पण त्यात फक्त मांस येतं, मासा नाही.

भारतीय हॉटेलं आहेत, पण रोज परवडत नाहीत. दादरचं (म्हणजे ज्वारीचं) पीठ आणलंय, खोलीत मात्र फक्त पाणी गरम करायची किटली. (किटलीत भाकरी होत नाही, आईने विचारून झालंय.) कांदा-लसूण चालतो, दूधही. अंडं नाही.

तिथे राहिलेल्या कुणी सांगाल का: कार्डावर नेमकं कोणतं जपानी वाक्य लिहून घ्यावं, ज्यात दाशीही येईल? कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी चालेल, हे वेगळं कसं सांगायचं? आणि क्योतोत बौद्ध देवळांतलं ‘शोजिन र्‍योरी’ हे शाकाहारी जेवण आधी बुकिंग न करता मिळतं का?