मदत हवी आहे: मारुती ८००चे इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) घरीच बदलायचे आहेत

गाडी २००१ची, बाबांची. विकायची नाहीच, त्यामुळे काम नीट व्हायला हवं. न्यूट्रलमध्ये उभी असताना गिअरचा दांडा थरथरतो, स्टीअरिंगलाही कंप येतो. क्लच सोडला की पुढून 'धप्प' असा आवाज. रेस दिली की थरथर बरीच कमी होते. तीन सिलिंडरचं इंजिन थोडं हलणारच, पण हे नेहमीचं नाही.

काल बोनेट उघडून टॉर्च मारला. एका माउंटचं रबर लोखंडी पत्र्यापासून सुटलंय, फटीत नख सहज जातं. वरून इंजिन ऑइल झिरपून रबर लोण्यासारखं मऊ झालंय. म्हणजे आधी टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग बदलावं लागेल, नाहीतर नवीन रबरही असंच जाईल.

जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आणि पान्यांचा सेट आहे. ऑइल चेंबरखाली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तो भाग) जाड फळी ठेवून जॅकने इंजिनचं वजन फक्त तोलून धरायचं आणि एकेक माउंट काढायचा, असा विचार आहे. पण चेंबरचा पत्रा दबण्याची भीती वाटते. त्यापेक्षा गिअरबॉक्सखाली आधार दिलेला बरा का?

एकच माउंट गेलाय, तरी सगळे एकदम बदलावेत का? मला तर बदलावेत असंच वाटतं, नव्यावर जुन्यांचा भार कशाला? एक बोल्ट गंजून घट्ट बसलाय, कालपासून गंज सोडवायचं तेल मारतोय. तो तुटलाच तर काय करायचं? बोल्ट शेवटचे आवळायचे ते जॅक काढून इंजिन जागेवर बसल्यावरच ना?

हे काम स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा. रविवारी हात घालणार आहे.