शेवटची फेरी, दोन जागा, पाच संघ : कॉव्हेंट्रीचे गणित कसे मांडावे?

कर्वेनगरकर (२९ एप्रिल २०२५)

नमस्कार. माझी मुलगी नुकतीच नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे आणि सध्या आमच्या घरात कॉव्हेंट्री सिटी या इंग्लंडमधील फुटबॉल संघाखेरीज दुसरा विषय नाही. पिंपरीतील वाहनउद्योगात नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी कॉव्हेंट्रीला गेला आणि त्याने पुतणीला संघाची आकाशी जर्सी पाठवली, तिथून हे सुरू झाले. पुढे तिने स्वतःच वाचून काढले की, हा क्लब १८८३ मध्ये सिंगर या सायकलींच्या कारखान्यातील कामगारांनी स्थापन केला आणि सुरुवातीला त्याचे नावही सिंगर्स असेच होते. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त होईपर्यंत रोज सायकलने खडकीच्या कारखान्यात जात असत. त्यामुळे हा संघ आपलाच आहे, असे तिने ठरवून टाकले.

नोव्हेंबरच्या अखेरीस फ्रँक लॅम्पार्ड प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा संघ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे तिथल्या दुसऱ्या श्रेणीत, सतराव्या स्थानावर होता. आज ४५ सामन्यांनंतर तो ६६ गुणांसह सहावा आहे. लीड्स आणि बर्नली यांची वरच्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, थेट बढती ठरली आहे, शेफील्ड युनायटेड तिसरा आणि संडरलँड चौथा हेही निश्चित झाले आहे. तिसऱ्या ते सहाव्या संघांमध्ये बढतीच्या आणखी एका जागेसाठी जी बाद फेरी होते, त्या प्ले-ऑफच्या उरलेल्या दोन जागांसाठी ब्रिस्टल सिटी (६७), कॉव्हेंट्री (६६), मिलवॉल (६६), ब्लॅकबर्न (६५) आणि मिडल्सब्रो (६४) असे पाच संघ शर्यतीत आहेत. शनिवारी, ३ मे रोजी, सगळे सामने एकाच वेळी, आपल्याकडच्या संध्याकाळी ५ वाजता सुरू होतील.

मुलीने वहीत या पाच संघांच्या चार सामन्यांच्या सर्व ८१ शक्यता लिहायला घेतल्या आहेत. ती रात्री साडेअकरापर्यंत त्यात गुंतलेली असते आणि मला तिची मदत करता येत नाही. माझे प्रश्न दोन आहेत. हे गणित मांडण्याची याहून सुटसुटीत रीत आहे का? आणि तिने मला विचारलेला, ज्याचे उत्तर मला देता आले नाही असा प्रश्न म्हणजे, ८९ गुण मिळवलेला तिसरा संघ आणि त्याच्याहून वीसेक गुणांनी मागे असलेला सहावा संघ यांना बढतीसाठी एकाच रांगेत उभे करणे न्यायाचे आहे का?

औंधचा गणितप्रेमी (३० एप्रिल)

तुमच्या मुलीची ८१ ही संख्या बरोबर आहे, तिचे कौतुक करावे. मात्र सुरुवात आपल्या संघाच्या निकालापासून केली, तर त्यातल्या बहुतेक ओळी लिहाव्याच लागत नाहीत.

कॉव्हेंट्रीचा सामना मिडल्सब्रोशी आहे, म्हणजे शर्यतीतील दोन संघ समोरासमोर आहेत, आणि सगळ्या गणिताची किल्ली इथेच आहे. कॉव्हेंट्री हरली तर तिचे ६६ गुण कायम राहतील, मिडल्सब्रो ६७ वर जाईल आणि ब्रिस्टल सिटीकडे ६७ आजच आहेत. दोन जागा आणि पुढे दोन संघ, म्हणजे विषय संपला, बाकीच्या मैदानांकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. अशा रीतीने ८१ पैकी २७ शक्यता एका रेघेत खोडता येतात.

कॉव्हेंट्री जिंकली तर तिचे ६९ गुण होतील. ब्लॅकबर्न जास्तीत जास्त ६८ पर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे तो मागेच राहील. ब्रिस्टल सिटीने विजय मिळवला आणि शिवाय मिलवॉलने इतक्या मोठ्या फरकाने विजय मिळवला की गोलफरकही (केलेले गोल वजा खाल्लेले गोल; गुण समान झाल्यास तो पाहतात) भरून निघाला, तरच धोका आहे. म्हणून तिने वहीत ‘विजय म्हणजे प्रवेश’ असे लिहून ठेवायला हरकत नाही.

खरी गुंतागुंत फक्त बरोबरीत आहे. तेव्हा कॉव्हेंट्रीचे ६७ होतील आणि मिलवॉल व ब्लॅकबर्न या दोघांनीही जिंकू नये, अशी वाट पाहावी लागेल. (ब्रिस्टल सिटी हरल्यास आणखी एक बारीक फट उरते, पण तिच्यावर विसंबू नये.)

आता आकड्यांपलीकडची एक गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते शेवटच्या फेरीत ती गुणांइतकीच महत्त्वाची असते. प्रत्येक सामन्यात समोरच्या संघाला काय हवे आहे, हे तिला लिहायला सांगा. मिलवॉलला बर्नलीच्या मैदानावर जायचे आहे. बर्नलीची बढती झालेली असली तरी लीड्स आणि ती ९७ गुणांवर बरोबरीत आहेत, विजेतेपद बाकी आहे आणि या संघाने अख्ख्या हंगामात वीस गोलही खाल्लेले नाहीत. ब्रिस्टल सिटीसमोर प्रेस्टन आहे आणि प्रेस्टनला खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचायचे आहे, तेव्हा तो संघ जिवावर उदार होऊन खेळेल. ब्लॅकबर्नचा यजमान शेफील्ड युनायटेड मात्र तिसऱ्या स्थानावर पक्का आहे, पाच-सहा दिवसांत त्याचा उपांत्य सामना असल्यामुळे तो काही प्रमुख खेळाडूंना विश्रांती देईल. मला भीती वाटते ती ब्लॅकबर्नची.

‘किती गुण पुरेसे’ याला ठरावीक उत्तर नाही, हेही तिच्या लक्षात आणून द्यावे. सहाव्या संघाचे गुण २०२०-२१ मध्ये ७७, पुढच्या वर्षी ७५, २०२२-२३ मध्ये ६९ आणि गेल्या हंगामात ७३ होते. त्या ६९ च्या वर्षी ब्लॅकबर्नचेही ६९ च होते आणि केवळ गोलफरकामुळे तो बाहेर राहिला. जुलै २०२० मध्ये तर शेवटच्या दिवशी नॉटिंगहॅम फॉरेस्ट तीन गुणांनी आणि पाच गोलांच्या फरकाने पुढे असूनही घरच्या मैदानावर स्टोककडून ४-१ ने हरला, त्याच वेळी स्वान्सीने रीडिंगला ४-१ ने हरवले आणि दोघांचे ७० गुण होऊन स्वान्सी आत गेला. म्हणून गोलफरकाचा रकाना तिने वहीत जरूर आखावा.

बालेवाडीचा जुना प्रेक्षक (१ मे)

गणितावर माझ्याजवळ भर घालण्यासारखे काही नाही. मला तुमच्या मुलीसाठी एक अनुभव लिहावासा वाटतो, कारण अशी शर्यत आपल्या पुण्यानेही एकदा धावली आहे आणि तिच्या वयाच्या मुलांना ते ठाऊक नसते.

२०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटीने १८ सामन्यांत ३० गुण मिळवून चौथे स्थान पटकावले आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली. तेव्हा दहा संघ होते आणि पहिले चारच पुढे जात असत. मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी पुढे, आशिक कुरुनियन बाजूने धावणारा, गोलजाळ्यात विशाल कैथ. त्या फेब्रुवारीत मी कार्यालयातल्या टेबलावर गुणतक्ता चिकटवला होता आणि गोवा, जमशेदपूर, केरळ यांचे सामने आपल्या सामन्यांपेक्षाही जास्त ताणाखाली पाहिले. आज मागे वळून पाहताना मला त्याचे वाईट वाटते. आपला संघ त्या दिवसांत नेमका कसा खेळला, चेंडू कोणाकडून कोणाकडे जात असे, हे मला फारसे आठवत नाही, आणि इतर संघांचे निकाल मात्र अजून तोंडपाठ आहेत.

७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. गोलशून्य बरोबरी. घरी येताना आम्ही सगळे समाधानी होतो, कारण साखळीत अव्वल आलेल्या संघाला आपण रोखले होते. चार दिवसांनी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर सुनील छेत्रीने तीन गोल केले, आपल्याकडून जोनाटन लुक्काने फ्री किकवर एक गोल परत केला, आणि ३-१ वर सगळे संपले. तो गोल झाला त्या काही मिनिटांत मी टीव्हीसमोर उभा होतो आणि आता आणखी एक होईल, असे मला खरोखर वाटत होते.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, क्लब बंद झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीचे मैदान आहे, खुर्च्या आहेत, पण ज्याच्यासाठी गुणतक्ता मांडावा असा पुण्याचा संघ त्या लीगमध्ये आता नाही. त्या ७ मार्चचे तिकीट मी अजून जपून ठेवले आहे.

म्हणून शनिवारी तिला एवढेच सांगा की, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. औंधच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे विजय पुरेसा आहे, तर मग पाच ते सात या वेळात तिने कॉव्हेंट्रीलाच पाहावे. बाकीचे तीन निकाल सामना संपल्यावरही तेवढेच खरे असतील.

शालेय संघाची प्रशिक्षिका, कात्रज (१ मे)

न्यायाचा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटला, कारण माझ्या संघातील मुलीही तो विचारतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की तिसऱ्या संघावर यात अन्याय होतो. उपांत्य फेरीत तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा अशा जोड्या असतात, आणि नऊ महिन्यांच्या मेहनतीचे बक्षीस म्हणून वरच्या संघाला मिळते ते एवढेच की दोनपैकी दुसरा सामना त्याच्या घरी होतो. वीस गुणांच्या आघाडीची ही फार तुटपुंजी किंमत आहे. २०१० मध्ये सहावा आलेला ब्लॅकपूल याच वाटेने थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला होता.

तरीही ही पद्धत रद्द व्हावी, असे मी म्हणणार नाही. १९८६-८७ च्या हंगामापासून ती चालू आहे आणि तिच्यामुळेच नोव्हेंबरात सतरावा असलेला संघ मे महिन्यात तुमच्या मुलीला रात्री साडेअकरापर्यंत जागवतो. पहिल्या दोघांनाच बढती असती, तर या पाचही संघांचा हंगाम केव्हाच संपला असता आणि एप्रिलचे सामने त्यांनी नुसते उरकले असते. स्पर्धा जिवंत ठेवण्यासाठी तिसऱ्याकडून घेतलेली ही किंमत आहे, असे मी मुलींना सांगते, आणि ती किंमत आहे हे लपवत नाही. माझ्या हाती असते तर तिसऱ्या संघाला उपांत्य फेरीत एकच सामना, तोही स्वतःच्या मैदानावर, दिला असता. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामात सहा संघ प्ले-ऑफमध्ये गेले, पण पहिले दोन थेट उपांत्य फेरीत आणि तिसऱ्या-चौथ्यांना बाद फेरीचा एकमेव सामना घरच्या मैदानावर, ही रचना मला अधिक योग्य वाटते.

आणखी एक. पाचवे की सहावे यातही फरक आहे. सहाव्याची गाठ शेफील्ड युनायटेडशी पडेल, पाचव्याची संडरलँडशी, आणि संडरलँड गेले चार सामने सलग हरला आहे. पण त्यावरून तो संपला, असे समजू नका. ज्याचे स्थान आधीच ठरले आहे तो संघ एप्रिलमध्ये वेगळा असतो आणि मे महिन्यात वेगळा.

कर्वेनगरकर (४ मे)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कॉव्हेंट्री २-० ने जिंकली आणि ६९ गुणांसह पाचवी आली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा सल्ला मुलीने पाळला, मी पाळला नाही, आणि ब्रिस्टल सिटी दोन गोलांनी मागे पडल्याची बातमी तिला न सांगता पोटात ठेवणे मला फार जड गेले. शेवटी त्यांनी २-२ अशी बरोबरी साधून सहावी जागा घेतली आणि त्याच बरोबरीच्या एका गुणावर प्रेस्टनही वाचला. मिलवॉल बर्नलीकडून ३-१ ने हरला, ब्लॅकबर्नने शेफील्डमध्ये १-१ अशी बरोबरी केली. संडरलँड पाचव्यांदा हरला. मुलीने वहीतला खरा ठरलेला एक निकाल ठेवून बाकीच्या ८० वर रेघ मारली.

कर्वेनगरकर (१४ मे)

हे सकाळी लिहीत आहे, रात्री झोप झालेली नाही.

९ तारखेला उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात घरच्या मैदानावर कॉव्हेंट्री संडरलँडकडून १-२ ने हरली. शेवटच्या काही मिनिटांत तिच्याच बचावफळीच्या चुकीतून मिळालेला तो गोल मुलीला चार दिवस सलत होता. काल रात्री साडेबाराला दुसरा सामना सुरू झाला. माझी पत्नी एरवी अशा जागरणाला विरोध करते, पण काल तीच चहा करून आमच्याबरोबर बसली. ७६ व्या मिनिटाला कॉव्हेंट्रीने गोल करून दोन सामन्यांची मिळून बरोबरी साधली आणि जादा वेळ लागला. तिकडून भाऊ व्हिडिओ कॉलवर होता आणि कोणीच बोलत नव्हते. पेनल्टी शूटआउटसाठी मी मनाची तयारी केली होती, कारण २०२३ मध्ये प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात लूटनविरुद्ध हा संघ शूटआउटमध्येच हरला होता आणि ते मुलीला माहीत आहे. तेवढ्यात १२२ व्या मिनिटाला कॉर्नरवर संडरलँडच्या डॅन बॅलार्डने हेडर मारला, चेंडू आडव्या खांबाच्या खालून आत गेला. घड्याळात तीन वाजून गेले होते.

कात्रजच्या ताईंनी संडरलँडबद्दल दिलेला इशारा मी तिला आधीच वाचून दाखवला होता, तो तिने आज सकाळी पुन्हा वाचला. ती रडली, मग तिने जर्सी धुवायला टाकली. नाश्त्याच्या वेळी तिने मला विचारले की, पुण्याचा संघ हरला तेव्हा तुम्ही कुठे होतात, आणि मला सांगावे लागले की मी तो सामना पाहिलाच नव्हता.

बालेवाडीच्या काकांना तिची विनंती आहे की, ७ मार्चचे ते तिकीट तिला एकदा पाहायचे आहे. सुट्टी चालू आहे, आपण म्हणाल त्या दिवशी आम्ही मैदानापाशी येऊ.