मदत हवी आहे: एकच पेटंट, दोन परवाने. वापरक्षेत्र आणि प्रदेश कसे आखावेत?

धातूवर जिवाणू धरू न देणाऱ्या लेपाचं पेटंट आहे, ३ देशांत मंजूर. शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारी एक कंपनी 'जगभर, सर्व वापरांसाठी एक्सक्लुझिव्ह' परवाना मागते आहे. दुसरीला तोच लेप पाण्याच्या टाक्यांसाठी हवाय. दोघींना देता येईल असं कलम कसं बांधावं? आणि एक्सक्लुझिव्ह दिल्यावर आमचं संशोधन चालू ठेवता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
आधी शेवटचा प्रश्न. एक्सक्लुझिव्ह म्हणजे त्या वापरापुरते तुम्हीसुद्धा बाहेर. ते आणि तुम्ही, तिसरं कोणी नाही, असं हवं असेल तर तो सोल परवाना. या शब्दांचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो, म्हणून व्याख्या करारातच लिहा आणि संशोधन, अध्यापन, चाचणी यांचा हक्क स्पष्ट राखून ठेवा.

खरी मेख वापरक्षेत्रात आहे. 'वैद्यकीय वापर' एवढंच लिहिलंत तर रुग्णालयातल्या पाण्याच्या टाकीवर दोघीही हक्क सांगतील. उद्योगाच्या नावावरून आखू नका, वस्तूवरून आखा: 'माणसावरील शस्त्रक्रियेत ऊतींना स्पर्श करणारी धातूची उपकरणं'. त्याखाली 'यात समाविष्ट नाही' म्हणून पाण्याची साठवण, नळजोडण्या, पशुवैद्यकीय उपकरणं नावानिशी घाला. शेवटी एक ओळ: जे स्पष्टपणे दिलेलं नाही ते सर्व हक्क मालकाकडेच.

प्रतिसाद २
'जगभर' हा शब्द तपासा. ३ देशांबाहेर तुमच्याकडे द्यायला पेटंटचा हक्कच नाही, तिथे जाते ती फक्त गोपनीय तांत्रिक माहिती. दोन्हींची रॉयल्टी वेगवेगळी दाखवा. अमेरिकेत पेटंटची मुदत संपल्यावरच्या वापरासाठी पेटंटची रॉयल्टी घेता येत नाही (तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे ब्रुलॉट १९६४ आणि किंबल २०१५ हे निकाल). एकच दर ठेवलात तर माहितीचे पैसेही त्यात अडकतात.

प्रदेशाची भिंत पहिल्या विक्रीपर्यंतच टिकते. युरोपीय आर्थिक क्षेत्रात तुमच्या संमतीने एका देशात विकलेला माल पेटंटच्या जोरावर दुसऱ्या सदस्य देशात अडवता येत नाही. अमेरिकेत तर लेक्समार्क निकालानंतर (२०१७) परदेशातल्या अधिकृत विक्रीनेही हक्क संपतो. वापरक्षेत्राचं मात्र वेगळं. अमेरिकेतल्याच १९३८च्या जनरल टॉकिंग पिक्चर्स खटल्यात रेडिओपुरता परवाना असलेल्या उत्पादकाने चित्रपटगृहांसाठी ॲम्प्लिफायर विकले. विकणारा आणि घेणारा, दोघांनाही मर्यादा माहीत होती. तो पेटंटचा भंगच ठरला. म्हणून वापराची मर्यादा वेष्टनावर आणि बिलावर छापण्याची अट घाला, म्हणजे घेणाऱ्याला 'ठाऊक नव्हतं' म्हणता येणार नाही.

धागाकर्ता
पहिल्या कंपनीने परवाना घेऊन नुसता दाबून ठेवला तर?

प्रतिसाद १
तारखांसकट टप्पे आणि वार्षिक किमान रॉयल्टी हवीच. टप्पा चुकला की थेट करार रद्द नको, त्यावर वाद लांबतो. लेखी सूचना, सुधारायला ९० दिवस, तरीही नाही तर परवाना आपोआप नॉन-एक्सक्लुझिव्ह. उपपरवान्यांनाही (कंपनीने पुढे इतरांना दिलेल्या परवान्यांना) हीच अट लागू करा, नाहीतर मूळ परवाना आकसतो आणि उपपरवानाधारक पूर्ण हक्क धरून बसतो.