मोकळ्या मैदानावरचा संगीत महोत्सव: कचरा आणि डिझेल कमी करायला सुरुवात कुठून करावी?

खर्ज:
आम्ही पंधरा-वीस जण मिळून दोन दिवसांचा महोत्सव करतो. मोकळं माळरान, दोन स्टेज, तीनेक हजार श्रोते. गेल्या खेपेला सगळं आवरल्यावर मैदान पाहिलं आणि पोटात कालवलं. जिकडेतिकडे कप, बाटल्या, चिखलात तसेच सोडून दिलेले तंबू. समितीचा कल ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, कप-ताटल्या आणण्याकडे आहे. पैसे मोजकेच आहेत. कुठे घातले तर खरा फरक पडेल?

रानवाट:
कप-ताटल्यांआधी रस्त्याकडे बघा. बहुतेक महोत्सवांच्या कार्बन उत्सर्जनात सगळ्यात मोठा वाटा श्रोत्यांच्या येण्याजाण्याचा असतो, पण तो मैदानावर पडलेला दिसत नाही म्हणून सुटतो. तिकिटासोबतच बसचं आरक्षण द्या, आणि शेवटचं गाणं शेवटच्या गाडीआधी संपवा. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला मॅसिव्ह अटॅक या बँडने केलेल्या कार्यक्रमात श्रोत्यांसाठी पार्किंगच ठेवलं नव्हतं. स्टेशनपर्यंत विजेवरच्या बस होत्या, जवळपास राहणाऱ्यांना तिकिटं आधी मिळाली आणि स्टेज बॅटरीवर चाललं.

दिवेकरी:
मी स्टेजची प्रकाशयोजना करतो, म्हणून जनरेटरबद्दल सांगतो. साउंडवाले, लाइटवाले, खाण्याचे स्टॉल असा प्रत्येक जण आपला जास्तीत जास्त लोड सांगतो, वर ‘असू दे’ म्हणून थोडा वाढवतो. बेरीज होऊन गरजेच्या दुप्पट क्षमतेचं मशीन येतं. कमी लोडवर चालणारं डिझेल इंजिन इंधन नीट जाळत नाही, काजळी धरतं आणि दर युनिटमागे डिझेल जास्त पितं. पहाटे चार दिवे आणि एका फ्रीजसाठी ते घरघरत असतं, ते पाहून मला खरंच वाईट वाटतं.

यंदा दर तासाचा लोड मीटरवर नोंदवा, म्हणजे पुढच्या वर्षी लहान मशीन मागवता येईल. जमलं तर सोबत बॅटरी घ्या. दिवसा जनरेटर चांगल्या लोडवर चालवून ती भरायची आणि रात्री इंजिन पूर्ण बंद ठेवायचं. वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेलं डिझेलही मिळतं, पण कच्चा माल पामतेलाचा नाही ना, हे पुरवठादाराला विचारा.

खर्ज:
मीटरचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ताटल्यांचं काय करू?

ओलीमाती:
आधी एकच प्रश्न विचारा: त्या गोळा केल्यावर जाणार कुठे? अशा कप-ताटल्यांत असणारं पीएलए, म्हणजे मक्यापासून बनवलेलं प्लास्टिक, कुजायला साधारण ६० अंशांपर्यंत तापणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. प्रकल्प जवळ नसेल तर हे पैसे वाया गेले समजा.

धुऊन वापरायचे कप अनामत रकमेवर द्या. त्यावर वर्ष मात्र छापू नका, लोक आठवण म्हणून घरी नेतात! असा कप अनेकदा फिरला तरच फायद्याचा, नाहीतर जाड प्लास्टिक बनवल्याचा भार उरतोच. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाने २०१९ मध्ये एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांची विक्री बंद केली, पण पाणी भरून घ्यायला जागोजागी नळ होते. आधी नळ, मग बंदी.

आणि कचऱ्याच्या डब्यापाशी माणूस उभा करा. आमच्याकडे तीन रंगांचे डबे ठेवूनही सगळं एकत्रच पडायचं. दोन स्वयंसेवक उभे राहिले तेव्हा कुठे ओला-सुका वेगळा होऊ लागला.

रानवाट:
तंबूंचं राहिलं. कापड, दांडे, चेन असं सगळं वेगवेगळ्या पदार्थांचं असल्याने त्यांचं रिसायकलिंग जवळपास होतच नाही. भाड्याचे तंबू आधीच उभारून द्या. शिवाय पाऊस झाला तर ट्रक थेट माळावर घालू देऊ नका, आधी पत्रे अंथरा. ओली माती दबली की पाणी मुरत नाही आणि पुढे कित्येक महिने गवत धरत नाही.

खर्ज:
ठरलं. ताटल्यांची ऑर्डर थांबवतो. तो पैसा बस आणि पाण्याच्या नळांकडे वळवतो. दिवेकरी, मीटर मुख्य पॅनेलवर एकच लावू की दोन्ही स्टेजला वेगळे?

दिवेकरी:
वेगळे. आणि स्टॉलच्या लाइनला तिसरा. फ्रीज आणि शेगड्या तिथेच असतात.