कवलान गेली तर काय बिघडलं?

सडेतोड: तैवानची कवलान भाषा आता मोजक्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहे. नवी पिढी चिनी बोलते, शहरात नोकऱ्या करते. लोकांनी स्वतःच निवड केली, मग सरकारने पैसा का ओतायचा? कवलान नावाची व्हिस्की जगभर विकली जाते, नाव तर राहिलंच.

तैपेईकर: निवड कधी केली हो त्यांनी? त्यांच्या मूळच्या यिलान भागातल्या सुपीक जमिनी चिनी वसाहतवाल्यांनी घेतल्या. 1878 मध्ये चीनच्या छिंग राजवटीच्या सैन्याने त्यांना चिरडलं, तेव्हा उरलेसुरले लोक ह्वालिएनच्या किनाऱ्याला अमिस या दुसऱ्या आदिवासी जमातीत मिसळून राहिले. मग 1945 पर्यंत जपानी राज्य आणि जपानी शाळा, त्यानंतर फक्त चिनी. पोरगं शाळेत घरची भाषा बोललं की शिक्षा. वेगळी जमात म्हणून मान्यता मिळाली ती थेट 2002 मध्ये! त्याच किनाऱ्यावरच्या शिनशे गावात केळीच्या सोपाचे धागे काढणाऱ्या एक आजी पाहिल्या मी. मैत्रिणीशी कवलान, शेजारणीशी अमिस आणि नातवाशी मोडकीतोडकी चिनी. स्वतःच्या नातवाशी! ही निवड म्हणायची?

मास्तर: इतकं लांब कशाला जायचं? 'मराठी शाळा वाचवा' म्हणणाऱ्यांची पोरं कुठल्या माध्यमात आहेत ते आधी विचारा. आमच्या शाळेची पहिली तुकडी पटाअभावी बंद झाली.

खाडीकर: मास्तर, प्रत्येक धाग्यावर तुमची तीच रड. मी रेवदंड्याचा. पलीकडे कोर्लईत पोर्तुगीज 1740 ला गेले तरी त्यांच्या वळणाची बोली घराघरांत टिकली. ती आता मागे पडतेय ती मराठीपुढे. वर्गात कोर्लईची मुलं आपसात बोलली की बाकीची चिडवायची. तिथे गिळणारे आपणच आहोत.

मास्तर: मराठीला खलनायक ठरवू नका! गावात एसटी, बाजार, तलाठी सगळं मराठीत. आईबापांनी काय करायचं?

खाडीकर: हेच इंग्रजीवाले तुम्हाला सांगतात तेव्हा का झोंबतं मग?

मास्तर: झोंबतं, कारण माझी शाळा गेली. तुमची गेलेली नाही.

सडेतोड: भांडा खुशाल. 'निवड' हा शब्द मागे घेतो, बस? पण पैशाचं उत्तर कोणी दिलं नाही. आठवड्यातून एखाद्या तासिकेने भाषा जगते का?

तैपेईकर: नाही जगत, तेवढं तुमचं खरं. म्हणूनच न्यूझीलंडच्या माओरींनी 1982 पासून बालवाड्या काढल्या, जिथे आज्या दिवसभर पोरांशी माओरीतच बोलायच्या. शिनशेच्या आजींना तसा पगार द्या. पैसा तिथे घाला आणि आत्ता घाला. आज्या गेल्यावर शिकवणार कोण?