पोराला मॅचला न्यायचं की नाही?

जुना_लेफ्टविंग

गेल्या रविवारी थोरल्याला पहिल्यांदा शाहू स्टेडियमला नेलं. आठ वर्षांचा आहे. चारची मॅच, दोन्ही टीम पेठांतल्या. नावं मुद्दाम घेत नाही. घेतली की हा धागा तिथंच बंद पडतो आणि दुसराच सुरू होतो. बाहेरगावच्यांसाठी एवढंच सांगतो, की कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्या असतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी मुळात तालमींची नावं. त्यामुळं मॅच हरली की अख्खी पेठ हरते, आणि सोमवारी चहाच्या गाड्यावर तोंड दाखवायची चोरी होते.

पहिली पंधरा मिनिटं पोरगं खुळ्यागत बघत होतं. हलगी, शिट्ट्या, कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे. मग आमच्या विंगरला पाडलं, रेफ्रीनं फाऊल दिला नाही, आणि गॅलरीनं सुरू केलं. एकट्यादुकट्यानं नव्हे, शे-दोनशे जणांनी, हलगीच्या ठेक्यावर, रेफ्रीच्या आईवरून. आमच्या दोन पायऱ्या खाली एकानं पाचेक वर्षांचं पोरगं खांद्यावर घेतलं होतं. ते बोबड्या आवाजात तीच ओळ म्हणत होतं आणि आजूबाजूचे वळून वळून हसत होते. 'परत म्हण, परत म्हण.' कुणीतरी त्याच्या हातात दहाची नोट दिली.

माझ्या पोरानं त्यानंतर मॅच बघितलीच नाही. त्या नोटेकडं बघत होता.

सोमवारी संध्याकाळी गल्लीत प्लास्टिकच्या बॉलवर खेळताना गोल खाल्ला, आणि यानं ती ओळ अख्खी म्हटली, ठेक्यासकट. शेजारच्या काकू दळण घेऊन चालल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, माझ्याकडं नुसतं बघितलं. मी तरी काय बोलणार? वीस वर्षांपूर्वी त्याच पायऱ्यांवर बसून मी काय भजन म्हणत नव्हतो.

बॉल बारला लागला की तोंडातनं निघतं, निघू दे. पण पोरगं खांद्यावर घेऊन त्याच्याकडनं वदवून घ्यायचं आणि वर बक्षीस द्यायचं, हे मला पटलेलं नाही. तुमचं काय म्हणणं आहे?

तांबडा_रस्सा

भावा, कोल्हापुरातच राहतोस न्हवं? आमच्यात शिवीला विरामचिन्ह म्हणतात. जिवलग दोस्त वर्षानं भेटला तर पहिला शब्द कुठला निघतो, सांग की. 'नमस्कार' म्हटला तर समजायचं, याचं-आपलं बिनसलंय.

आणि पोरगं शिव्या स्टेडियमात शिकतंय असं तुला वाटतंय. ते शाळेच्या व्हॅनमधी शिकतंय, मोबाईलवरच्या गेममधी शिकतंय, आणि दसरा चौकात रिक्षा आडवी आली की तुझ्याकडनं शिकतंय. गॅलरीला कशाला बदनाम करतोस? २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताच्या टीममधी आपला अनिकेत जाधव होता. ह्याच गावातला. गावात फुटबॉलचं येड हाय म्हणून पोरं खेळत्यात, आणि ते येड गॅलरीतनंच येतंय. तोंडाला कुलूप लावून येड टिकत न्हाई.

शिट्टीवाला

अनिकेत तिथवर पोचला तो पायातल्या खेळावर. गॅलरीनं त्याचं श्रेय घेऊ नये.

मी काही वर्षं रेफ्री म्हणून उभा राहिलोय, त्यामुळं वरच्या मॅचमधली 'आई' कुणाची ते मला चांगलं ठाऊक आहे. तिच्यावरनं ऐकायची सवय होते. खरंच होते. सुरुवातीला कान तापतात, मग पावसाच्या आवाजासारखं वाटायला लागतं. नियम क्रमांक १२ सांगतो, की खेळाडूनं शिवराळ, अपमानास्पद भाषा वापरली की सरळ रेड कार्ड. २०१९ पासून बाकड्यावरच्या प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येतं. गॅलरीला दाखवायचं कार्ड अजून छापलेलं नाही.

पण मला त्रास झाला तो मोठ्यांच्या मॅचमध्ये नाही. चौदा वर्षांखालच्या पोरांची शाळांची स्पर्धा होती. गोलकीपरच्या हातातनं सोपा बॉल सुटला. टचलाईनवरनं त्याचा बापच ओरडला, आईवरून. म्हणजे स्वतःच्याच बायकोवरून; तेवढा हिशेब त्या रागात त्याला लागला नाही. बाकीचे पालक हसले. मीपण हसलो, खोटं कशाला सांगू. मग पोराकडं बघितलं. ते ग्लोव्हजचा पट्टा चर्रकन उघडत होतं, लावत होतं, परत उघडत होतं. पुढचे दोन गोल त्यानं जागेवरनं हलून बघितलेसुद्धा नाहीत. तांबडा_रस्सा, हे 'येड' कुठल्या खात्यात टाकायचं?

सदाशिवपेठी

यात चर्चा करण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. भारतीय न्याय संहिता, कलम २९६ (जुन्या दंड संहितेत २९४ होतं). सार्वजनिक जागी किंवा तिच्या आसपास इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारणं, गाणी म्हणणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या दहा जणांना उचला, अकरावा आपोआप गप्प बसेल.

तांबडा_रस्सा

आले पुणेकर. दोनशे जणांना कळंब्याच्या जेलात घाला की. तिथं पण दोन टीम पाडून खेळू, रेफ्री तुम्ही व्हा.

शिट्टीवाले, तुमच्या त्या बापाला माझ्यापुढं आणा, मीच त्याला दोन सांगतो. स्वतःच्या पोराला दिलेली शिवी आणि समोरच्या पेठेला दिलेली शिवी ह्यात फरक हाय. एक अंगाला लागते, एक हवेत जाते.

थेम्सपल्याड

मूळचा इचलकरंजीचा, आता बरीच वर्षं इंग्लंडात. इथले लोक फार सभ्य, असा कुणाचा समज असेल तर काढून टाका. मोठ्या क्लबांच्या स्टेडियममध्ये लहान मुलं असणाऱ्यांसाठी वेगळा फॅमिली स्टँड असतो. मुलीला घेऊन तिथं बसलो होतो. पाहुण्या टीमचे लोक बरेच लांब होते, पण हजारो माणसं एका सुरात म्हणतात तेव्हा स्टँड वेगळा असून काय उपयोग? मुलीनं घरी येऊन दोन नव्या शब्दांचं स्पेलिंग विचारलं.

कायदा इथंही आहे. १९९१ च्या फुटबॉल कायद्यानं सामन्यात अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा देणं गुन्हा ठरवलं. आधी त्यासाठी टोळकं लागायचं. १९९९ च्या दुरुस्तीनंतर एकटा ओरडला तरी पुरतं. प्रत्यक्षात वंशद्वेषी घोषणांवर कारवाई होते, बाकीच्या शिव्या चालूच आहेत.

फरक दिसतो तो लहान मुलांच्या मॅचला. इथल्या फुटबॉल असोसिएशननं २००८ मध्ये 'रिस्पेक्ट' नावाची मोहीम काढली. आमच्या मैदानावर टचलाईनपासून दोन पावलं मागं दोरी बांधलेली असते, पालकांनी तिच्यामागं उभं राहायचं. साधी दोरी, कपडे वाळत घालतो तसली. पण तिच्या अलीकडं आलं की लोक वळून बघतात. एखाद्या आठवड्यात तर पालकांनी काही बोलायचंच नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या, असाही प्रयोग होतो. सुरुवातीला मला स्मशानात उभं राहिल्यासारखं वाटलं. मग पहिल्यांदाच मुलांचा आवाज ऐकू आला. 'मागं बघ', 'मला दे', 'सोड सोड'. आमच्या ओरडण्याखाली तो कायम दबलेला असायचा.

तांबडा_रस्सा

नुसत्या टाळ्याच वाजवायच्या तर मी हरिपाठाला जाईन. तिथं निदान मृदंग तरी असतो.

अडगळीतला_कोश

थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. जुना_लेफ्टविंग यांनी ज्याला चालतंय म्हटलं असतं ते 'आयला', आणि त्याचं भावंड 'च्यायला', हे दोन्ही आईवरूनच आलेत. 'तुझ्या आईला' घासून घासून एवढंसं उरलंय. आज ते आजीसुद्धा नातवंडांसमोर म्हणते. तेव्हा शिवी ही काही कायम विषारी राहणारी वस्तू नाही.

दुसरं, आपल्याकडं शिव्यांना हक्काची जागा होती. शिमग्याची बोंब पोरंसोरंच मारायची. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, हातवारे करकरून एकमेकींना शिव्या घालतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. कडेवर पोरं असतातच की. त्या गावांतली पोरं बिघडली असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. मला वाटतं गॅलरी ही कोल्हापूरची बोरी आहे. वर्षभराची वाफ तिथं जाते.

जुना_लेफ्टविंग

बोरीला दिवस ठरलेला आहे, काठ ठरलेला आहे. बार संपला की दळणकांडण सुरू. आमच्यात सीझनभर बार, आणि नंतर तो स्टेडियमच्या गेटवर राहत नाही, गल्लीत येतो. एखाद्या फायनलच्या रात्री मोटारसायकली कशा फिरतात ते तुम्हाला माहीत असेल. तिथं शिवी हवेत जात नाही, दगड होऊन परत येते.

आणि वाफ मोठ्यांची. पाच वर्षांच्या पोराला कसली वाफ आलीय?

सदाशिवपेठी

कायदा नको असेल तर उपाय जगात झालेले आहेत. इस्तंबूलमध्ये फेनरबाचे क्लबच्या प्रेक्षकांनी एका मैत्रीपूर्ण सामन्यात मैदानात घुसून गोंधळ घातला. आधी शिक्षा अशी होती, की सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळा. मग तिथल्या संघटनेनं त्याऐवजी फक्त बायका आणि बारा वर्षांखालची मुलं आत सोडायची असं ठरवलं. २० सप्टेंबर २०११ ला मनिसास्पोरविरुद्धच्या सामन्याला चाळीस हजारांहून जास्त बायका-मुलं आली. पाहुण्या टीमचं स्वागत टाळ्यांनी झालं, खेळाडूंनी गॅलरीत फुलं फेकली. १-१ अशी बरोबरी. करा शाहू स्टेडियमवर हा प्रयोग.

वारणाकाठ

मी इतका वेळ नुसतं वाचत बसलो होतो. (होय, मी बाईच आहे. आमच्याकडं बायका पण 'मी जातो, मी बसतो' म्हणतात, पुणेकरांनी व्याकरण काढू नये.)

टर्कीचं ऐकून बरं वाटलं, पण बायका आल्या की शिव्या थांबतात हा समज कुठनं आला? बोरीचं वर वाचलं नाही का? आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की या, ऐकवतो.

माझा राग वेगळाच आहे. सगळ्यांनी 'पोरांसमोर', 'पोरांसमोर' लावलंय. मी कॉलेजला असल्यापासून मॅचला जातो. आधी भावाबरोबर, आता मैत्रिणीबरोबर. ज्या ओळीबद्दल एवढं चाललंय ती माझ्यावरून आहे. माझ्या आईवरून, बहिणीवरून. गोल चुकवला त्यानं, फाऊल दिला नाही रेफ्रीनं, आणि हिशेब आमच्या अंगावर. दोनशे जण हलगीवर म्हणतात तेव्हा मी हातातल्या शेंगा सोलत खाली बघत बसतो, सालं पायाखाली चुरत बसतो, कारण मान वर केली तर शेजारचा म्हणतो, 'ताई, तुम्हाला नाही हं.' मग कुणाला? पंचाची आई कुणाची तरी ताईच असेल ना.

पोरगं शेजारी बसलं की तुम्हाला लाज वाटते. बाई बसली की 'तुम्हाला नाही हं'. पोरगं वाईट शब्द शिकलं याचं मला एवढं काही वाटत नाही, शब्द तो कुठंही शिकेल. हरलं की कुणाला तुडवायचं, ते तो शिकला. आणि वर दहा रुपये मिळाले.

शिट्टीवाला

यावर माझ्याकडं उत्तर नाही. वीस वर्षांत माझ्या आईनं एकदाच मॅच बघायला यायची इच्छा काढली होती. मी म्हटलं, ऊन फार असतंय.

अडगळीतला_कोश

वारणाकाठ, मान्य. 'घासून घासून एवढंसं उरतं' हे मी पुरुषाच्या कानानं लिहिलं. तरी कायद्याच्या बाजूनं मी जाणार नाही.

सदाशिवपेठी

मी व्याकरण काढणार नव्हतोच.

तांबडा_रस्सा

ताई, तुमचं वाचून जरा गप्प बसलो. खोटं कशाला, अजून पटलंय असं न्हाई. हलगीवर ओळ सुरू झाली की मी थांबणार न्हाई, तोंडाला सवय लागलीय, शब्द बदलायला सांगा, बदलतो. पेठेत चांगला कवी हाय एक, आईबहीण न घेता असं लिहून देईल की समोरची टीम रडत घरी जाईल. ते जास्त झोंबतंय, हेबी खरं.

आणि लेफ्टविंग, पोराला घरात बसवू नकोस. येत्या रविवारी परत चारची हाय. आमच्या बाजूला घेऊन ये. पोरगं खांद्यावर घेऊन वदवून घेणारा दिसला तर मी स्वतः त्याला पायऱ्या उतरवतो, पोरासकट. तेवढं माझ्याकडं लागलं.

जुना_लेफ्टविंग

येतो. शेंगा तुझ्याकडनं. पण पोरानं काल विचारलंय, 'बाबा, दहा रुपये कुठल्या ओळीला मिळतात?' त्याचं काय ते आधी बघायला लागेल.

वारणाकाठ

आणि मी कुठं बसायचं, तेवढं सांगून ठेवा.