वनवासी, आदिवासी की अनुसूचित जमाती? मराठीत लिहायचं काय?

रानजाई : हे तिन्ही शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. माझं मत : समाजाबद्दल लिहिताना 'आदिवासी'च. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी याच शब्दाचा आग्रह धरला होता, 'बनजाती'ला हरकत घेतली होती. 'वनवासी'त नुसता राहण्याचा पत्ता उरतो, आधीपासून इथे असल्याचा दावा गळून पडतो.

पानगळ : वनात राहतो तो वनवासी, ही काय शिवी आहे? २००६च्या वनहक्क कायद्यातही 'वननिवासी' आहेच की.

रानजाई : अहो, त्या कायद्याच्या नावातच 'अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी' आहे. 'इतर' म्हणजे जमातीबाहेरचे. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जमातीच्या दावेदाराला ही अट नाही, त्या तारखेआधीचा वनजमिनीचा ताबा पुरतो. दाव्याच्या अर्जात दोन्ही रकाने वेगळे आहेत. आदिवासीने चुकून दुसऱ्यावर खूण केली की नसलेली अट गळ्यात!

टिपणवही : 'वनवासी' नको, मान्य. पण सरसकट 'आदिवासी'लाही माझा विरोध आहे. नागा, मिझो स्वतःला सहसा आदिवासी म्हणवत नाहीत. आसामात तो शब्द मुख्यतः चहामळ्यांतल्या संथाळ, मुंडा, उरांव यांना लागतो. झारखंडच्या अनुसूचित जमातींच्या यादीतले हेच संथाळ आसामच्या यादीत नाहीत, कारण संविधानाच्या कलम ३४२ची ही यादी राज्यवार असते. म्हणून आरक्षण, जनगणना हा विषय असेल तर 'अनुसूचित जमाती', एरवी थेट जमातीचं नाव.

रानजाई : नावातच तर जास्त घसरतात लोक. नुसतं 'कोळी' लिहून भागत नाही : महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी यादीत आहेत, सोनकोळी नाहीत. हलबा आहेत, हलबा-कोष्टी नाहीत. यादीत नसलेलं नाव पुरावे देऊन आत आणता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये याच प्रकरणात सांगितलं. सगळ्यांना मिळून बोलायचं तर मला 'आदिवासी'च लागतो.

पानगळ : बरं, 'आदिम जमाती' तरी चालेल? सरकारी कागदांत दिसतो.

टिपणवही : महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासाठी रुळलाय खरा. पण केंद्राने २००६मध्ये 'आदिम' काढून 'विशेष असुरक्षित' केलं. योजनेचं नाव उद्धृत करताना जसंच्या तसं ठेवा, स्वतःच्या वाक्यात कातकरी लिहा.